कोबिना अम्पारेची विधवा

लेगोन
३ फेब्रुवारी १९८७

प्रिय मन्सा मावशी,

आधी बसून घे. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे.

गेला महिनाभर मी विद्यापीठातून अक्राच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन 'पहाटतारा'चे जुने अंक चाळतेय. आपल्या एन्सुआनोत निघणारं ते चार पानी साप्ताहिक, ज्याच्यावर मी प्रबंध लिहायला घेतलाय. त्यात कोबिना अम्पारे नावाचा एक लेखक 'वाळूवरून' हे सदर लिहायचा. काय लिहायचा, मावशी! जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याला महिन्याला किती मटण लागतं आणि गावच्या शाळेला किती खडू मिळतात, याचा हिशेब त्यानं कुत्र्याच्याच तोंडून मांडलाय. मी दफ्तरखान्यातच मोठ्याने हसले आणि तिथल्या बाईंनी मला बाहेर काढलं.

१९५० साली, गोऱ्या सरकारविरुद्धच्या संपाच्या दिवसांत, हे सदर एकदम बंद पडतं. का, ते काही केल्या कळेना. काल कळलं. पोलिसांच्या एका गठ्ठ्यात छापील शोकपत्रक निघालं. जाड काळी चौकट, वर खजुराची दोन पानं. 'आमचे कोबिना अम्पारे यांना देवाज्ञा झाली.' खाली नातेवाइकांची नावं. आणि पहिलंच नाव, 'विधवा: एकुआ मन्सा'.

म्हणजे तू.

आता बोल. तुझा नवरा तू अठरा वर्षांची असताना गेला, एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही, काढलं की आई डोळे वटारायची. आम्हाला वाटलं, कुणी साधा कोळी असेल, होडीबरोबर बुडाला असेल. तो स्वातंत्र्यासाठी झिजलेला लेखक निघाला, आणि तू सदतीस वर्षं कापडाचे तागे विकत गप्प बसलीस. धन्य आहे तुझी.

तो कसा होता? कशाने गेला? फोटो आहे का? माझे सर म्हणतात, हे प्रबंधाचं पहिलं प्रकरण. मी तर एक लेखही लिहून वर्तमानपत्राला पाठवून दिलाय. आधी पाठवला, मग तुला विचारतेय, हे चुकलं. पण राहवेना.

तुझीच,
क्वान्सिमा


एन्सुआनो
१४ फेब्रुवारी

लाडके क्वान्सिमा,

पत्र मिळालं. बसूनच वाचलं. मग उठून दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बसले. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला निळ्याऐवजी पिवळं कापड फाडून दिलं. तो खर्च तुझ्या नावावर.

नवऱ्याबद्दल विचारतेस. काय सांगू? फार गुणी माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी जेवणाला नाव ठेवलं नाही, कधी पिऊन घरी आला नाही. घोरायचा नाही. दुसरी बाई तर त्याला ठाऊकच नव्हती. असा नवरा या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला मिळालेला मी तरी पाहिला नाही. कशाने गेला म्हणतेस, तर देवीच्या रोगाने. तेव्हा सगळ्यांना तसंच सांगितलं, मग तेच खरं. फोटो नाही. त्याला फोटोची आवड नव्हती.

तो लेख मात्र परत माग. गोड बोलून माग, रडून माग, कसाही माग. का ते विचारू नकोस. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, तर तुझ्या मावशीला जगू दे.

आणखी एक. ईस्टरला सगळे घरी जमतील तेव्हा मला एक गोष्ट सांगायची आहे. चांगली आहे. पण आधी एबो मामांच्या कानावर घालायला हवी. ते माझ्या आईचे भाऊ, कुळाचे कर्ते, त्यांच्या होकाराशिवाय आपल्यात पान हलत नाही, आणि त्यांना कान एकच चालतो. म्हणजे दोनदा ओरडून सांगावं लागणार.

बसच्या ड्रायव्हरबरोबर धुरावलेली मासळी आणि मिरचीची चटणी पाठवतेय. रेडिओ बिघडला होता, तो फिफी मास्तरांनी दुरुस्त करून दिला. तुला माहीत नसतील. जुने मास्तर, उत्तरेकडे बदलीवर होते, बायको गेल्यावर दोन वर्षांपूर्वी गावात परत आले. संध्याकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. मला वाचता येतं, पण त्यांना ते सांगितलेलं नाही.

तुझी मावशी,
मन्सा


लेगोन
९ मार्च

प्रिय मावशी,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या रविवारी लेख छापून आला. अर्धं पान! मथळा मी दिलेला नाही, पण चांगला आहे: 'विसरलेला हुतात्मा आणि त्याची मूक विधवा'. रागावू नकोस. सर म्हणाले, तुझं हे सगळं हसण्यावारी नेणं म्हणजेच खरा पुरावा आहे, दुःख फार खोल असलं की माणूस असंच बोलतं. मी ते वाक्य तळटिपेत घातलंय.

आता ऐक गंमत. परवा एबो मामा अक्राला आले होते. बरोबर चार वडीलधारे, सगळे ठेवणीतली कापडं नेसून. खिशात माझा लेख, घडी घालून घालून चिंधी झालेला. गावात सरकारी वाचनालय होणार आहे, त्याला अम्पारेचं नाव द्यावं असा अर्ज घेऊन मंत्रालयात गेले आणि साहेबाला म्हणाले, 'हे आमचे जावई.' चहा पिऊन, बिस्किटं रुमालात बांधून परत आले. मी त्यांना विचारलं, जावई कसे होते? तर म्हणाले, 'आमच्याच ओसरीवर बसून लिहायचा. शाई सांडायचा फार.' हेही तळटिपेत घातलं.

तू काहीच सांगत नाहीस आणि मामा सगळंच सांगतात. घरात एक तरी बोलणारं आहे म्हणायचं.

आणि हे फिफी मास्तर रोज संध्याकाळी येतात? रेडिओ रोज बिघडतो का? मी तुझी भाची आहे, आंधळी नाही.

ईस्टरला मला येता येणार नाही, परीक्षेचे पेपर तपासायचेत. तुझी चांगली बातमी पत्राने कळव.

क्वान्सिमा


एन्सुआनो
२२ एप्रिल

क्वान्सिमा,

लाडके वगैरे नंतर. आधी तू माझं काय करून ठेवलंस ते ऐक.

चांगली बातमी अशी होती की फिफी मास्तरांनी मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. पंचावन्नाव्या वर्षी. हस हवं तेवढं. ईस्टरच्या सोमवारी त्यांच्या घरची माणसं रीतसर मागणीच्या दोन बाटल्या श्नॅप्स दारू घेऊन आली. मी आत नवं कापड नेसून बसलेले, काळजाचे ठोके शेजारणीला ऐकू जात होते. बाहेर एबो मामांनी बाटल्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. म्हणाले, 'ही दुसऱ्याची बायको आहे. तिचा नवरा गेला, पण त्याच्या कुळाकडून कुणी येऊन तिला मोकळं केलेलं नाही. पेपरात आलंय.' आणि तुझी ती चिंधी काढून वाचून दाखवली. आलेली माणसं बाटल्या घेऊन परत गेली. मी ते कापड घडी करून ठेवलं आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

आता नीट वाच, अक्षर लावून वाच. कोबिना अम्पारे नावाचा माणूस कधी नव्हताच.

लिहिणारा दुसरा होता. अम्पारे हे आडनाव आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचं नाही, म्हणूनच ते घेतलं होतं, की पोलिसांनी कुणाच्या काकाला उचलून नेऊ नये. मंगळवारी आपल्याकडे कुणी समुद्रात जात नाही, म्हणून 'पहाटतारा' मंगळवारी निघायचा. किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेल्यांना एकजण वाचून दाखवायचा आणि अख्खा किनारा हसायचा. मग संप झाला, संचारबंदी आली, आणि पोलीस दारोदार विचारत सुटले, अम्पारे कुठाय. प्रेसवाल्या अन्कोमा काकांना धरून नेणार हे दिसत होतं. तेव्हा एबो मामा म्हणाले, 'हवाय ना त्यांना अम्पारे? देऊ. मेलेला देऊ.'

मग काय विचारतेस. तुला ठाऊक आहे आपली माणसं. लग्नात हात आखडतील, पण मयतीला कमी पडू देणार नाहीत. त्याच प्रेसवर शोकपत्रकं छापली. पेटी केली, आणि ती हलकी लागू नये म्हणून त्यात छापखान्यातले झिजलेले शिशाचे खिळे, अक्षरं जुळवायचे ते, भरले. जास्तच भरले. उचलणारे सहाजण वाकून गेले, आणि कुणीतरी म्हणालं की विद्वान माणूस, जड असणारच. ढोल आले, शेजारच्या गावच्या गाणाऱ्या आल्या. देवीचा रोग म्हटल्यावर पेटी उघडा म्हणायची पोलिसांची छाती नव्हती. गोरा अधिकारी लांब उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

विधवा कुणीतरी हवी होती. तुझी आई पोटुशी होती, म्हणून मी. असा हंबरडा फोडला की चार गावच्या बायका मला सावरायला धावल्या. रडता रडता मला खरंच वाईट वाटायला लागलं.

पुढे वर्ष झालं तरी मला मोकळी करायला कोण येणार? नवराच नाही तर त्याचं कुळ कुठून आणायचं? आणि खरं सांगू, मला ते बरंच होतं. मासळीचा ठेकेदार आला, म्हटलं मी विधवा. चर्चमधला बाजावाला आला, म्हटलं मी विधवा, अजून मोकळी नाही. माझं दुकान, माझा गल्ला, माझी झोप. नसलेल्या नवऱ्याची सावली फार गार असते, बाई. आता पहिल्यांदा त्या सावलीतून उठावंसं वाटलं, तर तू त्याला पेपरात आणून बसवलंस.

मामांनाही हे सगळं ठाऊक आहे. पेटीत खिळे त्यांनीच भरले. तरी ऐकत नाहीत. लिहिणारा कोण होता ते विचारू नकोस, पाच जणांनी समुद्राची शपथ घेतलेली आहे. पण मला हे लग्न करायचं आहे, क्वान्सिमा. नवऱ्यासाठी मी कधी झुरले नाही, आता झुरतेय. तूच हे बांधलंस, तूच सोडव.

मन्सा


एन्सुआनो
२ मे

चिरंजीव क्वान्सिमा हिस एबो मामांचे आशीर्वाद.

पत्र स्वतः लिहीत आहे, कारण लिहून घेणाऱ्याच्या तोंडाचा भरवसा नाही.

तुझ्या मावशीने तुला सगळे कळवले असे तिने मला बाजारात, चारचौघांत, माझ्या चांगल्या कानात ओरडून सांगितले. आता तू पेपरात खुलासा छापशील. छापू नकोस. मंत्रालयाची मला भीती नाही. सरकारे येतात आणि जातात, आपल्याकडे तर फारच लवकर जातात.

गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी पूर्वजांना दारू मी ओतली. मोठ्याने म्हणालो, 'कोबिना अम्पारे तुमच्याकडे येतो आहे, त्याला जागा द्या.' पोलीस ऐकत होते तसे पूर्वजही ऐकत होते. पोलिसांशी खोटे बोललो त्याचे मला काही नाही, ते त्यासाठीच होते. पण पूर्वजांना काय सांगू? आणि नंतर दर वर्षी सणाला सगळ्यांची नावे घेताना त्याचेही हळूच, कुणाला ऐकू न जाता, घेत आलो. एकदा घेतले ते गाळता येईना. हळूहळू मीही त्याच्याशी बोलू लागलो. घरातल्या भांडणात त्याचा सल्ला विचारला आहे. ओसरीवर शाई सांडायचा म्हणालो ते मुद्दाम खोटे नव्हे, मला खरोखरच तसे आठवते.

मन्साचे वाईट व्हावे असे मला वाटेल काय? माझ्या मांडीवर वाढलेली पोर. बाटल्या परत गेल्यावर मी जेवलो नाही. पण नवरा होता तर त्याच्या कुळाने यावे, आणि नव्हता तर मी पूर्वजांसमोर खोटारडा. तू एवढी शिकलीस. असा रस्ता काढ की ती मोकळी होईल आणि मला खोटे बोललो असे म्हणावे लागणार नाही. निघत नसेल तर गप्प बस आणि पेपर तपास.

एबो


लेगोन
१० मे

प्रिय मावशी,

आधी माफी. नंतर दुसरं सगळं.

सरांना सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता प्रबंध गेला पाण्यात. त्यांनी सगळं ऐकलं आणि इतके हसले की चष्मा चहात पडला. मग म्हणाले, 'मूर्ख मुली, हुतात्मे शंभर सापडतील. अख्ख्या गावाने छापखान्यातून माणूस जन्माला घातला, पुरला, आणि सदतीस वर्षं सांभाळला, हे तुला दुसरीकडे कुठे सापडणार आहे?' पहिलं प्रकरण फाडायला सांगितलं. फाडलं. तुझ्या खोल दुःखाची तळटीपही गेली.

आता कामाचं. एबो मामांचं पत्र आलंय. ते वाचून मी हसायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. त्यांचा अम्पारे मलाही हिसकावून घ्यावासा वाटेना. म्हणून मी उलटीकडून विचार केला. खुलासा नको, खोटं नको. त्याचं कुळच शोधायचं.

आपल्यात कुळ आईकडून येतं. मग अम्पारेला जन्म कुणी दिला? ज्यानं लिहिलं त्यानं. तोच त्याची आई म्हण. म्हणजे लिहिणाऱ्याच्या आईचं जे कुळ, तेच अम्पारेचं कुळ. त्या कुळातल्या कुणीतरी, लिहिणाऱ्याच्या बहिणीच्या मुलाने समज, बाटली घेऊन मामांच्या ओसरीवर यावं आणि म्हणावं, आमच्या माणसाची विधवा मोकळी करायला आलोय. कोण लिहायचं, हे सांगायची गरजच नाही. शपथ शाबूत, पूर्वज शाबूत, मामा शाबूत. मी हे त्यांना कळवलंय. उत्तराची एकच ओळ आली: 'ओढूनताणून आहे, पण फाटत नाही.'

एकच धास्ती वाटते, ती आधीच सांगते. कुळ आलं की वारसही येतो. मेलेल्याच्या जागी जो बसतो, त्यानं मनात आणलं तर विधवेलाही तोच मागू शकतो, आणि पहिला हक्क त्याचा. लिहिणारा कोण होता मला माहीत नाही, जिवंत आहे की नाही तेही नाही. त्या कुळाने उद्या कुणी खवचट म्हातारा वारस म्हणून उभा केला आणि त्यानं तुला मागितलं, तर फिफी मास्तर बिचारे बसतील रेडिओ उघडून. तेव्हा आधी त्या घरच्यांकडून वचन घे, मगच बाटली येऊ दे.

काळजीत आहे. लवकर लिही.

क्वान्सिमा


एन्सुआनो
८ जून

लाडके क्वान्सिमा,

तुझं पत्र मी फिफी मास्तरांना वाचायला दिलं. 'खवचट म्हातारा' इथपर्यंत आले आणि ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

अगं वेडे, तोच तो लिहिणारा. शपथ मामांनी सोडवली, पाचांतले उरलेले तिघे किनाऱ्यावर जाऊन समुद्राला सांगून आले, म्हणून आता लिहितेय. बावीस वर्षांचा शिकाऊ मास्तर होता तो. मी त्याचे कागद टोपलीत मासळीखाली घालून प्रेसवर न्यायची. अन्कोमा काका म्हणायचे, याच्या लेखाला वास येतो. मयतीनंतर त्याला दूर कुठेतरी पाठवायचं ठरलं आणि तो उत्तरेला गेला. मला भेटून जायची त्याची सोय नव्हती. त्याचीच विधवा होते मी, काय तोंडाने येणार होता?

आता शनिवारचं ऐक. त्याच्या बहिणीचा मुलगा एको, मोटारी दुरुस्त करतो तो, बाटली घेऊन आला. मागे त्यांचं सगळं कुळ, आणि त्यांच्या मागे सगळं गाव. कारण आपल्या गावात गुपित फुटत नाही, नुसतं सगळ्यांना माहीत असतं. एको म्हणाला, 'आमचा माणूस अम्पारे तुमच्या घरचा जावई. आम्हाला यायला उशीर झाला.' मामा म्हणाले, 'थोडासा झाला.' मग त्यांनी बाटली घेतली, बायकांनी माझ्या अंगावरचं रीतीपुरतं नेसलेलं काळं उतरवलं आणि पांढरं नेसवलं. इथवर सगळं लोण्यासारखं.

मग एकोनं सांगितलं, अम्पारेच्या जागी आम्ही फिफी मामांना बसवतोय, वारस म्हणून. आणि वारसाला विधवेचा हात हवा आहे.

एबो मामा मास्तरांकडे वळले. म्हणाले, 'वारस नुसती मालमत्ता घेत नाही, मेलेल्याची भांडणंही घेतो. गव्हर्नर आला होता तेव्हा अम्पारेनं माझ्या हॅटवर लिहिलं होतं. एबोच्या डोक्यावर इंग्लंडची हॅट आहे आणि हॅटखाली इंग्लंडच आहे, असं. अख्खा किनारा वर्षभर हसत होता. त्याची माफी मागा. मगच पुढे बोलू.'

मला वाटलं, एवढंच ना, टाका मागून. मी मास्तरांकडे डोळे मोठे करून पाहिलं. आणि हा माणूस, साठीचा, दोन वर्षं माझा चांगला रेडिओ दुरुस्त करणारा, उभा राहिला आणि म्हणाला, 'नाही.'

एको त्यांचं कापड ओढतोय, बहीण कपाळाला हात लावून बसलीय. मास्तर म्हणाले, 'छापलेलं ते त्याचं. मला खोडायचा हक्क नाही. मेलेला माणूस माफी मागू शकत नाही आणि मी त्याच्या वतीनं मागणार नाही. तुम्ही हॅट घातली होती, मामा. आणि ऊन फार होतं.' मी मनात म्हटलं, गेलं. सदतीस वर्षांनी आलेलं लग्न एका हॅटपायी गेलं. लिहिणाऱ्याशी कधी जुळवू नये, हे आईनं सांगायला हवं होतं. आणि खरं सांगते, तेवढ्या रागातही मला तो फार आवडला.

एबो मामा काठी टेकत उठले. म्हणाले, 'माफी मागितली असती तर बाटली याच्या अंगावर फेकणार होतो. तोच आहे हा. बसवा त्याला त्याच्या जागेवर.' आणि पूर्वजांना दारू ओतून मोठ्याने सांगितलं, 'कोबिना अम्पारेची जागा रिकामी नाही.' त्यात एक शब्द खोटा नव्हता, तूच सांग.

वाचनालयाला नाव अम्पारेचंच राहणार. मास्तर म्हणतात, राहू दे, तो माझ्यापेक्षा बरा लिहायचा.

मग राहिलं शेवटचं. आपल्यात मुलीला तीनदा विचारतात, ही बाटली घेऊ का, ते तुला माहीत आहे. तू नुसती हो म्हणून मोकळी होशील. मी नाही झाले. मामांनी पहिल्यांदा विचारलं, मी गप्प. लोकांना वाटलं, लाजली. लाज कसली या वयात. मला आठवत होतं, त्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. दार उघडून आत आले, काळं कापड अंगावर टाकलं आणि म्हणाले, रड. दुसऱ्यांदा विचारलं, तरी मी गप्प. मास्तरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण गप्प राहिले. मला ते ऐकायचं होतं, क्वान्सिमा. पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

मामांनी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, जसं काही आम्ही दोघंच होतो. 'मन्सा, घेऊ का गं?'

मी म्हटलं, 'घ्या.'

तुझी मावशी,
मन्सा